एकाच यंत्रावर दोन दर: समान वेतनाचा कायदा नेमका कुठपर्यंत पोहोचतो?

तापीकाठ (जळगाव) यांचा प्रश्न

नमस्कार. मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलमध्ये हिशेबाचे काम पाहते. हजेरीपुस्तक, आठवड्याचा पगार आणि वर्षाचा बोनस हे सगळे माझ्याकडे असल्याने कोणाच्या हातात किती पैसे पडतात हे मला रोज दिसते, आणि आता ते मला स्वस्थ बसू देत नाही.

आमच्याकडे साधारण तीन प्रकारची कामे चालतात. पोती उतरवण्याचे आणि थप्पी लावण्याचे काम हमाल करतात आणि त्यांना पोत्यामागे हमाली मिळते. निवडणीला फक्त बाया असतात. सॉर्टेक्समधून (रंग पाहून खराब दाणे वेगळे करणाऱ्या यंत्रातून) निघालेल्या डाळीतला खडा, काळा दाणा आणि साल त्या हाताने काढतात. तिसरे काम पॅकिंगचे. तेथे यंत्र पिशवी भरते, एक जण वजन तपासून तोंड शिवतो आणि दुसरा पिशव्या मोठ्या गोणीत रचतो. या यंत्रावर पुरुषही असतात आणि बायाही असतात, आणि एकाच पाळीत ते जागा बदलून एकमेकांचे काम करतात. असे असूनही हजेरीपुस्तकात पुरुषाच्या नावापुढे ‘मशीन हेल्पर’ असे लिहिलेले असते, बाईच्या नावापुढे ‘महिला कामगार’, आणि दोघांच्या रोजात शंभर रुपयांहून अधिक फरक आहे.

मी व्यवस्थापकांना याचे कारण विचारले, तेव्हा त्यांनी तीन कारणे सांगितली. पुरुष वेळप्रसंगी पोती उचलतात, हंगामात रात्रपाळी करतात, आणि बाजारात बायांचा रोजच तेवढा आहे. पहिले कारण मला पटत नाही, कारण पोती उचलायला हमाल आहेत आणि त्यांची हमाली वेगळी लिहिली जाते. रात्रपाळीबद्दल बायांना आजवर कोणी विचारलेलेच नाही. तिसऱ्या कारणाला काय उत्तर द्यावे हे मात्र मला कळले नाही.

माझा प्रश्न असा की पॅकिंगवरचा हा फरक कायद्याच्या विरुद्ध आहे का, आणि निवडणीच्या बायांना, ज्यांच्या शेजारी तुलनेला एकही पुरुष नाही, त्यांना या कायद्याचा काही आधार आहे का? माझे एक सहकारी म्हणतात की स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत ही ज्याने त्याने निवडलेल्या कामातून आणि तासांतून येते, आणि कायद्याने बायांचा रोज वाढवला तर मालक आणखी यंत्रे आणून त्यांना घरी बसवतील. त्यांचा हेतू वाईट नाही, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यालाही नीट उत्तर मिळावे अशी इच्छा आहे.

पांझरा_वकील (धुळे)

ताई, तुम्ही दोन्ही कामे वेगळी करून मांडली हे फार बरे केले, कारण कायद्यापुढेही हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आधी कायद्याची आजची स्थिती सांगतो. समान वेतन अधिनियम 1976 चा. त्याआधी 1975 मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, त्याचा अध्यादेश निघाला होता. राज्यघटनेच्या कलम 39 (घ) मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व म्हणून सांगितलेले होतेच. आता तो अधिनियम वेतन संहिता, 2019 मध्ये सामावला गेला असून ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. संहितेचे कलम 3 सांगते की एकाच मालकाकडे, त्याच किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी, लिंगाच्या आधारावर वेतनात भेदभाव करता येणार नाही. समान स्वरूपाचे काम म्हणजे ज्याला लागणारे कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे, कामाची परिस्थितीही सारखी आहे, आणि काही फरक असलाच तर तो व्यवहारात महत्त्वाचा नाही, असे काम. हुद्द्याला काय नाव दिले आहे याला या व्याख्येत कोठेही स्थान नाही.

याच मुद्द्यावर मुंबईतील एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीतील ऑड्रे डिकोस्टा या लघुलेखिकेने, पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळते म्हणून दाद मागितली. स्त्रियांचा वर्ग वेगळा आहे, त्या अधिकाऱ्यांच्या गोपनीय लघुलेखिका आहेत, संघटनेशी तसा करारही झाला आहे आणि वाढीव वेतन कंपनीला परवडणारे नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने 1987 मध्ये यातले काहीही मान्य केले नाही. काम समान आहे की नाही हे ठरवताना बारीकसारीक फरकांत न अडकता व्यापक दृष्टीने पाहावे, आणि मालकाची आर्थिक ऐपत ही कायदा न पाळण्याची सबब होऊ शकत नाही, असे त्या निकालात स्पष्ट आहे. तुमच्या व्यवस्थापकांच्या ‘बाजारात रोजच तेवढा आहे’ या कारणाचे उत्तर यातच आहे. बाजार बाईला कमी देतो म्हणून तर हा कायदा करावा लागला. तोच बाजारभाव बचाव म्हणून चालणार असेल तर कायद्याला काही अर्थच उरणार नाही.

रात्रपाळीबद्दल इतकेच, की कारखान्यांच्या जुन्या कायद्याने एके काळी स्त्रियांना रात्री कामावर ठेवण्यासच मनाई होती. आता त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर ती मनाई नाही. रात्रपाळी करणाऱ्याला त्या रात्रीचा भत्ता जरूर द्यावा, पण वर्षातले काही आठवडे रात्री काम केले म्हणून वर्षभराचा रोजच जास्त ठेवणे टिकणारे नाही. तेव्हा पॅकिंगच्या बाबतीत, तुम्ही लिहिले आहे तसेच काम चालत असेल तर, हा भेदभाव आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र तपासा. या सगळ्या बाया मिलच्याच हजेरीवर आहेत, की काही जणी ठेकेदाराच्या कागदावर आहेत? कायद्यात ‘एकाच मालकाकडे’ अशी अट आहे, आणि अलीकडे बायांना ठेकेदाराकडे दाखवून पुरुषांना कायम ठेवण्याचा प्रकार मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. तसे असेल तर दावा अशक्य नसतो, पण खरा मालक कोण हे आधी सिद्ध करावे लागते.

निवडणीचे उत्तर अवघड आहे. तुलनेला पुरुष नसेल तर कलम 3 खाली दाद मागणे कठीण जाते. त्यांच्यासाठी आज हाताशी असलेले साधन म्हणजे किमान वेतन. त्याचे दर कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गांवर ठरतात, स्त्री-पुरुषावर नाही. निवडणी अकुशल वर्गात धरली जाते का आणि ती तशी का धरली जाते, हा प्रश्न तुम्ही जरूर विचारावा.

केळीबाग (रावेर)

मी शेतकरी आहे आणि मजूर लावणाऱ्याच्या बाजूने लिहितो आहे. वकीलसाहेबांनी कायदा नीट समजावून सांगितला, पण गावात रोज ठरतो तो कायदा पाहून ठरत नाही. हंगामाच्या सुरुवातीला एकाने दिला तो दर सगळ्यांना द्यावा लागतो. मी एकट्याने बायांचा रोज वाढवला तर शेजारचे शेतकरी बोल लावतात आणि नाही वाढवला तर टोळी दुसऱ्याच्या शेतात जाते.

आमच्याकडे केळीची कापणी पुरुष करतात. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन ओल्या बागेतून गाडीपर्यंत न्यायचा, आणि वाटेत त्याला डाग लागता कामा नये, हे काम सोपे नाही, त्यामुळे त्याचा दर जास्त आहे आणि तो असावा असे मला वाटते. निंदणीला बाया येतात. त्या घरचे सगळे आवरून नऊ-साडेनऊला शेतात पोहोचतात आणि पुरुष सकाळी सातला आलेले असतात. तास कमी भरतात म्हणून रोज कमी, यात अन्याय कोठे आहे असे मी बरेच दिवस मानत आलो आहे.

पण एक गोष्ट मलाही दिसते आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कापसाची वेचणी आम्ही किलोवर देतो. काट्यावर गाठोडे चढले की बाईचे की माणसाचे हे कोणी विचारत नाही, आणि दिवसअखेर सर्वांत जास्त पैसे बहुतेक वेळा एखादी बाईच घेऊन जाते. तेव्हा बायांचा हात कमी चालतो असे मी म्हणणार नाही. माझी अडचण तासांची आहे, आणि शेतमालाला भाव नसताना वाढीव मजुरी कोठून आणायची ही आहे.

अर्थशास्त्र_शिक्षिका (अमळनेर)

केळीबाग भाऊ, तुमचा कापसाचा अनुभव फार मोलाचा आहे. जेथे काम मोजले जाते तेथे तफावत जवळजवळ नाहीशी होते, आणि जेथे रोज हा अंदाजाने ठरतो तेथे ती पुन्हा उभी राहते. महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळात जी रोजगार हमीची कामे निघाली आणि ज्यांना पुढे 1977 मध्ये कायद्याचे रूप आले, तेथेही मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर होती आणि दर स्त्री-पुरुषांना एकच होता. हजारो स्त्रियांना सारख्या दराची मजुरी प्रथम मिळाली ती या कामांवर.

तापीकाठ ताईंचे सहकारी जे म्हणतात त्यात काही तथ्य आहे, म्हणून ते झटकून टाकू नये. वेतनातील तफावत या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी मोजल्या जातात. एक म्हणजे देशातील सर्व कमावत्या स्त्रियांची सरासरी आणि सर्व पुरुषांची सरासरी यांतील अंतर, आणि दुसरी म्हणजे एकाच कामावरच्या स्त्री-पुरुषांच्या वेतनातील अंतर. पहिले अंतर नेहमी मोठे असते, कारण त्यात कामाचा प्रकार, तास, अनुभव, मधली खंडित वर्षे हे सारे मिसळलेले असते. समान वेतनाचा कायदा फक्त दुसऱ्या अंतराला हात घालतो. म्हणून कायदा असूनही तफावत आहे म्हणजे कायदा निरुपयोगी, हे म्हणणे चूक आहे; आणि मोठी तफावत दिसते म्हणजे ती सगळी मालकांच्या भेदभावातून आली, हेही बरोबर नाही.

पण ‘निवड’ या शब्दावर थांबण्याआधी ती निवड कशी घडते हे पाहावे लागते. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच विषयावरील संशोधनासाठी. अमेरिकेतील दोनशे वर्षांच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवले की आजच्या काळात सारख्या शिक्षणाच्या स्त्री-पुरुषांचे वेतन सुरुवातीला बरेच जवळ असते आणि पहिले मूल झाल्यानंतर ते झपाट्याने दुरावते. जी नोकरी वेळी-अवेळी हाक मारते ती तासामागेही जास्त पैसे देते, आणि घरात कोणीतरी एकाने ती हाक नाकारावी लागते. आपल्याकडे 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात आणि पुरुष 97 मिनिटे, असे आढळले. भाऊ, तुमच्या शेतात बाया साडेनऊला पोहोचतात त्याचे कारण या आकड्यांत आहे. सातला शेतात आलेल्या पुरुषाची भाकरीसुद्धा त्याआधी त्यांनीच थापलेली असते. तास कमी भरत असतील तर दर तासावर काढावा. तास तेवढेच कापावेत, पण तासाचा दर तरी सारखा ठेवावा. बहुतेक गावांत रोजातला फरक तासांच्या फरकापेक्षा मोठाच निघेल.

निवडणीच्या प्रश्नावर मला इंग्लंडमधील एक घटना आठवते. फोर्ड कंपनीच्या डॅगनहॅम येथील कारखान्यात मोटारीच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या स्त्रियांनी 1968 मध्ये संप केला. त्यांची तक्रार मुख्यतः अशी होती की शिलाईचे काम कमी कौशल्याच्या वर्गात टाकले गेले आहे. संपानंतर त्यांना त्या वर्गातील पुरुषांच्या दराच्या 92 टक्के दर मिळाला आणि 1970 मध्ये तेथे समान वेतनाचा कायदाही झाला. परंतु वर्गवारी बदलून घेण्यासाठी त्यांना पुन्हा संप करावा लागला, आणि ती बदलली 1984 मध्ये. शेजारी शिलाई करणारा पुरुष नव्हता, त्यामुळे ‘समान काम’ एवढ्याच कसोटीने त्यांचे कौशल्य कधी मोजलेच गेले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1951 च्या ठरावात, जो भारताने 1958 मध्ये स्वीकारला, ‘समान मूल्याच्या कामाला समान मोबदला’ असे आहे. आपल्या कायद्याने मात्र ‘समान स्वरूपाचे काम’ एवढेच धरले. निवडणीच्या बाया या दोहोंमधल्या जागेत अडकलेल्या आहेत. आठ तास मान खाली घालून हजारो दाण्यांतून एक काळा दाणा ओळखणे, आणि तेही पोत्याचा दर्जा ज्यावर ठरतो असे काम, हे अकुशल कसे, याचे उत्तर कोणी दिलेले माझ्या पाहण्यात नाही. नजर आणि बोटे यांचे कौशल्य मुलीला घरातच येते असे आपण गृहीत धरतो, म्हणून त्याला किंमत लावत नाही.

यंत्राची भीती खरी आहे, पण सॉर्टेक्स तुमच्या मिलमध्ये बायांचा रोज कमी असतानाच आले ना? यंत्र वेग आणि दर्जा यांसाठी येते, आणि मजुरी कमी ठेवून ते फार काळ थोपवता येत नाही. इंग्लंडमध्येही 1970 च्या दशकात स्त्रियांचे वेतन पुरुषांच्या तुलनेत बरेच वाढले आणि त्यामुळे कामावरील स्त्रियांची संख्या घटली नाही. जेथे कायद्याचा बोजा खरोखर उलटू शकतो असे एक ठिकाण म्हणजे प्रसूती रजा. 2017 च्या दुरुस्तीने ती 26 आठवड्यांची झाली हे चांगलेच झाले, पण जेथे कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू नाही तेथे तिचा सगळा पगार एकट्या मालकावर पडतो आणि लहान मालक तरुण बाईला कामावर घेतानाच कचरतो. हा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा असे माझे ठाम मत आहे.

सातपुडा_पायथा (शहादा)

वरची चर्चा वाचताना मला सतत जाणवत होते की ज्यांच्या नावावर निदान काही रोज लिहिला जातो त्यांच्याबद्दलच आपण बोलत आहोत. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे गुजरातमधील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे प्रत्यक्षात पुरुषाच्या हातात, आणि हंगामाअखेर हिशेब होतो तोही कोयत्याचाच. पुरुष ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. केळीचा घड जड असतो म्हणून कापणीचा दर जास्त, असे केळीबाग भाऊ लिहितात. उसाची मोळी त्याहून हलकी नसते, आणि ती बाईच्या डोक्यावर असते. तिचे वेगळे वेतन शून्य आहे, म्हणून कागदावर तफावतही शून्य आहे.

अशा ठिकाणी समान वेतनाच्या आधी स्वतंत्र नोंद हवी. एका कोयत्यामागे दोन नावे, दोन हिशेब आणि दोन बँक खाती, एवढी मागणी पूर्ण झाली तरच पुढचा कायदा तेथे पोहोचेल.

आणखी एक सांगावेसे वाटते. शहादा-तळोदा भागात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीत भिल्ल शेतमजूर जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिले, तेव्हा बाया पुढे होत्या आणि दारूच्या गुत्त्यांविरुद्धही त्याच गेल्या. एकट्यादुकट्या बाईने रोज वाढवून मागितला असता तर तिला दुसऱ्या दिवशी कामावर कोणी बोलावले नसते. ताई, तुमच्या मिलमध्येही हे लक्षात ठेवा.

तापीकाठ (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. हजेरीपुस्तक तपासले, पॅकिंगच्या सगळ्या बाया मिलच्याच हजेरीवर आहेत, निवडणीच्या काही जणी मात्र ठेकेदाराच्या आहेत. पॅकिंगच्या बायांशी मी बोलले. त्यांना एकच धास्ती आहे, की तक्रार केली तर मालक पुरुषांचा रोज खाली आणून ‘घ्या, झाले समान’ असे म्हणतील आणि मग सगळ्या पुरुषांचा रोष त्यांच्यावर येईल. तसे करता येते का? आणि तक्रार त्यांनी स्वतःच करावी लागते का?

पांझरा_वकील (धुळे)

तसे करता येत नाही. कलम 3 मध्येच म्हटले आहे की समानता आणण्यासाठी मालकाने कोणाचेही वेतन कमी करू नये. म्हणजे खालचा दर वर न्यावा लागतो. हे वाक्य पुरुष कामगारांनाही वाचून दाखवा. त्यांचे काही जाणार नाही हे कळले तर ते विरोधात जाणार नाहीत.

दावा कामगार स्वतः करू शकतो, तो ज्या नोंदणीकृत संघटनेचा सभासद आहे ती करू शकते, किंवा निरीक्षक करू शकतो. बाया घाबरत असतील तर संघटनेमार्फत जाणे उत्तम, आणि तो एका अर्जात सगळ्यांचा मिळून करता येतो. मागची तीन वर्षे मुदतीत धरता येतात. देणे पूर्ण दिले आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे, तरीही तुमच्या बाजूचा पुरावा तयार असावा. पॅकिंगच्या एका महिन्याचा तक्ता करा: कोणत्या पाळीत यंत्राच्या कोणत्या जागेवर कोण होते, जागा केव्हा बदलली, आणि त्या दिवशी प्रत्येकाचा रोज किती लागला. पोती खरोखर कोणी उचलली हे हमालीच्या वहीवरून आपोआप दिसेल. मिलची कागदपत्रे बाहेर नेऊ नका. बायांकडून त्यांच्या स्वतःच्या वेतनपावत्या घ्या आणि पाळ्यांची नोंद त्यांनाच रोजच्या रोज करायला सांगा, म्हणजे उद्या तुमच्या नोकरीवर बालंट येणार नाही. ठेकेदाराकडच्या निवडणीच्या बायांचा अर्ज वेगळा ठेवा, तो यात मिसळला तर दोन्ही रेंगाळतील.